उन्हातल्या घड्या

"तातूकाका, इकडं या! घरटं हाय! कुत्र्याच्या आधी मी गाठलं!"

काकांच्या हाताखाली काम करणारा महादू ओरडला तेव्हा सूर्य अजून डोंगरामागेच होता. किनाऱ्याच्या टोकाला, केवड्याच्या जाळीपाशी तो उभा होता. एका हाताने आम्हाला बोलवत होता आणि दुसऱ्या हातातल्या काठीने एका पिवळ्या कुत्र्याला थोपवून धरत होता. काका झपाझपा निघाले. त्यांच्यामागे बादली घेऊन त्यांची मुलगी प्राजू. तिच्यामागे मी. एरवी अशा वेळी सगळ्यांच्या पुढे मी असायचे. त्या दिवशी मी मुद्दाम मागे राहिले, कारण केवड्याच्या जाळीजवळची ती जागा माझ्या चांगली ओळखीची होती.

सुरबावच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत समुद्री कासविणी अंडी घालायला येतात. रात्री वाळू खणायची, अंडी घालायची, वाळू ओढून वरून थापटायची आणि मागे वळून न बघता समुद्रात निघून जायचं, अशी त्यांची रीत. अंडी तशीच राहिली तर कुत्री आणि कोल्ही ती उकरून खातात. म्हणून पहाटे किनारा पालथा घालायचा, घरटं शोधायचं, अंडी अलगद काढून जाळीच्या कुंपणात तितक्याच खोल पुरायची आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर आली की त्यांना पाण्याची वाट दाखवायची. हे काम तातू डोर्लेकर बघत. उभं आयुष्य मासेमारीत गेलेलं. गुडघे होडीवर चढू देईनात तेव्हा त्यांनी हे हातात घेतलं. मी भुसावळची, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून नुकतीच बाहेर पडलेली. कासवांचं काम बघणाऱ्या संस्थेने मला एका हंगामासाठी सुरबावला पाठवलं आणि राहायला काकांचंच घर दिलं. "पोरगी? अंधारातनं किनाऱ्यावर?" अशी गावात थोडी कुरकुर झाली. काका म्हणाले, "एक हंगाम बघूया." तो बघायचा हंगाम अजून चालूच होता.

काकांनी पोचल्या पोचल्या वाळूला नमस्कार केला. घरटं उघडण्याआधी ते नेहमी करत. मग काठी हळूच आत सरकवली. ती लोण्यात गेल्यासारखी गेली.

"भुसभुशीत हाय," ते म्हणाले. "पावलं कुठं दिसत नायत?"

"उधाण होतं रात्री. धुतली असतील," महादू म्हणाला. "पन कुत्रं उगाच येतंय काय वासावर? आणि वरनं थापटलंय बघा कसं, एकदम कासविणीचा हात."

तो कासविणीचा हात माझा होता. सुरबावला कचऱ्याची गाडी येत नसे. वापरलेल्या पॅडचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात माझ्यापुढे उभा राहिला. घरामागे टाकावं तर कुत्री अंगणभर ओढत आणतात. न्हाणीच्या चुलीत जाळायला गेले तर काकी धावत आल्या, "जाळू नको गो, पुढं पोर होत नाय म्हणतात!" पोराची चिंता मला नव्हती, धुराची होती, प्लॅस्टिकचा तो काळा धूर मला माहीत होता. मग मी विचार केला, की कुत्र्याला वास लागू नये इतकं खोल पुरावं. किती खोल? त्याचं उत्तर रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं. कासवीण खणते तितकं. वरून थापटायचंही मी तिच्याकडूनच शिकले होते.

"काका," मी म्हणाले, "मला नाही वाटत इथे..."

"थांब गो." ते गुडघ्यावर बसले होते आणि बोटांनी वाळू बाजूला सारत होते, झोपलेल्या लेकराच्या अंगावरची चादर काढावी तशी. प्राजूने बादलीत ओली वाळू भरून ठेवली. मी घसा खाकरला. काकांचा हात थांबला.

"कागद," ते म्हणाले.

महादूने पुडकं उचललं. "पर्यटकांचं काम. येतात, खातात, पुरून जातात. बघू कुठले हायत." आणि त्याने वर्तमानपत्राचा तो ओला तुकडा उजेडाकडे धरून खणखणीत आवाजात वाचलं, "सावदा येथे केळी उत्पादकांचा भव्य मेळावा."

सुरबावला नारळ होता, सुपारी होती, काजू होता. केळी उत्पादकांच्या मेळाव्याचं ज्याला कौतुक असावं असं माणूस अख्ख्या किनाऱ्यावर एकच होतं. भुसावळहून निघताना आईने कळण्याच्या पिठाच्या पुड्या त्याच पानांत बांधून दिल्या होत्या.

"माझं आहे ते," मी म्हणाले. "उघडू नका, महादूदादा."

महादूला उशिरा कळलं. पुडकं त्याने असं टाकलं की जणू इंगळी डसली. प्राजूने मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते, आणि ती रडत नव्हती हे मला नक्की ठाऊक होतं. काका उठले, हाताची वाळू झटकली. मला वाटलं, लाज इथे संपली.

मग त्यांनी विचारलं, "कधीचं?"

"परवाचं."

"परवा ती अंडी तू काढलीस ना? कुंपणात सुरूच्या झाडाखाली ठेवलीस ती?"

तेव्हा मला कळलं की गोष्ट लाजेची नाहीच.

"हो," मी म्हणाले.

"बाहेरची असताना?"

"हो, काका. पण हात धुतले होते. हातमोजे पण..."

"हात धुतल्यानं काय होतंय?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आमच्या घरात त्या दिवसांत बाईमाणूस जाळ्याला शिवत नाय. माझी आय शिवली नाय, प्राजूची आय शिवली नाय. जीव हायत ते, बाय. लोणच्याची बरणी नाय."

"काका, त्याचा अंड्यांशी काही संबंध नसतो. अंडं फिरवलं, उलटं ठेवलं, गरम-गार झालं, तर ते खराब होतं. मी एकही उलटं ठेवलेलं नाही."

"मग निघतील पिल्लं."

"निघतील."

"निघाली तर तू खरी. तोवर कुंपणाच्या आत यायचं नाय. आणि नाय निघाली तर पुढल्या साली संस्थेला सांगतो, पोरी पाठवू नका." त्यांनी प्राजूकडे बघितलं. "आणि तू पण आत जायचं मनात आणू नको."

प्राजूचे खांदे हलायचे थांबले. ती बारावीला होती. वडिलांबरोबर रोज बादली उचलायची, पण अंड्यांना तिचा हात अजून लागला नव्हता. या हंगामात मी तिला अंडी काढायला शिकवणार होते, आणि काका अर्धवट हो म्हणून बसले होते.

"एका घरट्यावरून काही सिद्ध होत नाही, काका," मी म्हणाले. हे मी शास्त्र म्हणून म्हणाले, पण ऐकताना मलाच ते पळवाटेसारखं वाटलं.

"ते तुझ्या कालेजात," काका म्हणाले आणि काठी टेकत पुढे निघाले.

कुत्र्याने जाता जाता माझ्याकडे बघितलं. त्याला मात्र पहिल्यापासून सगळं माहीत होतं.

*

दुपारी मी केवड्याच्या जाळीपाशी परत गेले. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मी आधीच्या महिन्याचं पुडकंही उकरून काढलं. मला बघायचं होतं. कागदाचा लगदा झाला होता, बोटात धरताच तो वाळूत मिसळला. आतलं पॅड जसंच्या तसं होतं. उलट पाणी पिऊन जास्तच टम्म फुगलं होतं. टोकाने फाडून बघितलं, तर आतून चिकट पारदर्शक कण बाहेर आले, साबुदाण्याच्या लापशीसारखे. याच वाळूत पुढल्या वर्षी कासवीण अंडी घालायला येणार होती. तिचा पंजा यात रुतला असता.

सगळी पुडकी मी एका पिशवीत भरून घरी आणली आणि पडवीत काकींच्या समोर बसले. काकी सुकटीतले खडे निवडत होत्या. बातमी माझ्या आधी पोचलेली होती.

"महादू हात धुवून धुवून सोलून निघालाय म्हणे," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. हसून झाल्यावर विचारलं, "त्या पिशवीचं काय करणार?"

"रत्नागिरीला जाईन तेव्हा घेऊन जाईन. काकी, हे कुजत नाही. मी म्हातारी होईन तरी कुजणार नाही."

"मग दर महिन्याला अशी पिशवी घेऊन फिरणार काय तू? बाजार केल्यागत?"

"तुम्ही काय वापरता?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की एवढं शिकून हे विचारायला इतके दिवस लागले. "कापड. दुसरं काय? माझ्या सासूची लुगडी सगळी त्यातच संपली. मऊ सूत, दुधावरच्या सायीसारखं."

रात्रीचं जेवण होण्याआधी मी आईला फोन केला. मला वाटलं, आई सहज हो म्हणेल.

"कापड?" आई म्हणाली. "हर्षाली, डोकं ठिकाणावर आहे ना? त्या घड्यांमधून सुटायला आम्हाला किती वर्षं लागली माहीत आहे? ओल्या घड्या. पावसाळ्यात तर वाळायच्याच नाहीत, तशाच घ्यायच्या. मांड्या सोलून निघायच्या. पहिल्या पगारात मी स्वतःसाठी पॅडचं पाकीट आणलं होतं, साडी नाही. आणि तू एम.एस्सी. होऊन परत त्यात?"

"घड्या वाळत का नव्हत्या, आई?"

"का म्हणजे? कुठे घालणार? उंदीर असलेल्या कोठीत, पलंगाखाली, पोत्याच्या मागे. कुणाला दिसता कामा नये ना."

"म्हणजे कापड वाईट नव्हतं."

मग आई म्हणाली, "तू लहानपणापासून अशीच आहेस. जेवून घे."

प्राजूने मोबाइलवर मला पाळीचा कप दाखवला. रबरासारखा, घंटेच्या आकाराचा. मला तो आवडला. साधी, हुशार वस्तू होती. "वापरायच्या आधी पाण्यात उकळायचा," असं मी वाचून दाखवलं, तशी काकी चुलीपासून वळल्या. "कुठल्या पातेल्यात? माझ्या चहाच्या?" शिवाय तो मागवायचा तर कुरियरवाला घाट उतरून सुरबावला येत नसे. कप मी पुढे घेतला, प्रवासात आजही तोच वापरते. पण त्या घटकेला माझ्याकडे होती ती काकींची ट्रंक.

त्या ट्रंकेतून निघालं एक विटलेलं लुगडं, काकांचा जुना फ्लॅनेलचा सदरा, प्राजूचे दोन टी-शर्ट आणि एक जाड टॉवेल. मी प्रत्येकाचा सारख्या मापाचा तुकडा कापला, सारख्या घड्या घातल्या, आणि स्वयंपाकघरात ओळीने मांडून त्यांवर चमच्याने पाणी सोडत बसले. खालची फरशी कुठल्या तुकड्याखाली आधी ओली होते ते बघायचं होतं.

"हे शास्त्र काय?" काकींनी विचारलं.

"हेच शास्त्र."

"मग आम्ही सगळ्या शास्त्रज्ञच की गो."

टॉवेल भरपूर पाणी पीत होता, पण पिळला तरी ते सोडत नव्हता. टी-शर्ट पहिल्याच चमच्याला पाणी बाजूला पळवत होता. लुगड्याचं सूत आणि त्याच्या पोटात सदऱ्याचं फ्लॅनेल, ही जोडी सगळ्यांत चांगली ठरली. काकींनी पायमशीन बाहेर काढलं. मला घडी नको होती, घडी सरकते. मला पॅडसारखा आकार हवा होता, बाजूला पंख आणि खाली टिचबटण. प्राजूने कागदावर कापून नमुना केला. काकींनी पहिलं शिवलं, उलटसुलट करून बघितलं, टिचबटण टक् करून लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"आमच्या वेळी हे बटण असतं ना," त्या म्हणाल्या, "तर लग्नाच्या पंक्ती मी उभी राहून वाढल्या असत्या. सारखी आपली बसलेली मी. लोक म्हणायचे, डोर्लेकरांची सून आळशी."

*

कपडे वाळवायची दोरी मात्र खळ्यात होती.

काकांच्या घरासमोरचं खळं म्हणजे शेणाने सारवलेलं मोठं अंगण. समुद्राकडून वारा आणि दिवसभर ऊन. तिथे एका दोरीवर काकांची लुंगी, दुसरीवर बोंबील, खाली सुपारी. त्या उन्हात जे पडेल ते संध्याकाळी कडकडीत होई. काकींची कापडं मात्र घरामागे लाकडाच्या खोपीत, गोणपाटाखाली असत. मी तिथे नाक घालून बघितलं. आई म्हणाली होती तोच वास असणार तो.

पुढल्या महिन्यात माझी पाळी आली. दोन दिवसांत मला कळलं, की हे जमणार. कापड सरकलं नाही, काही घासलं नाही, आणि प्लॅस्टिकचं ते दमट ओझं नव्हतं. गार पाण्यात भिजवायचं, मग साबण. भिजवलेलं पाणी मी न्हाणीमागच्या केळीला घातलं. भुसावळच्या माणसाला एवढं कळतं. प्रश्न फक्त वाळवायचा उरला.

"खळ्यात घालते मी," मी काकींना म्हणाले.

"येडी काय? हे समोरच बसतात. महादू येतो, पोस्टमन येतो."

मग आम्ही मधला रस्ता काढला. दोरीवर कापडं, वर काकींचा परकर. संध्याकाळी मी परकर उचलला, एक कापड काढून काकींच्या गालाला लावलं. दमट. मग दुसरं लावलं, जे मी मुद्दाम परकराच्या कडेला उघडं सोडलं होतं. पापडासारखं कडक, आणि वास आला तो नुसता उन्हाचा.

ते दुसरं कापड काकींनी बराच वेळ हातात धरलं, मग नाकाजवळ नेलं. "मला कधी कधी खाज सुटते," त्या हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं. मी म्हटलं, बाईचं आंगच असं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावरून आले तेव्हा परकर काकींच्या कमरेला होता आणि दोरीवर माझी कापडं उघडी. शेजारी त्यांची स्वतःची.

काका पडवीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी चहाचा घोट घेतला, दोरीकडे बघितलं, कपाकडे बघितलं. मग उठले, खुर्ची उचलली, तिचं तोंड गोठ्याकडे फिरवलं आणि परत बसले. दिवसभर ते म्हशीकडे बघत बसले. महादू आला तेव्हा त्याला काही कळेना. "काका, म्हशीचं काय बिनसलंय?"

"नाय. आवडते मला," काका म्हणाले.

*

इकडे कुंपणातली घरटी एकेक करून फुटू लागली. पिल्लं वर यायची वेळ झाली की काका त्या घरट्यावर बांबूची टोपली पालथी घालत आणि तासातासाला उचलून बघत. मी कुंपणाबाहेर उभी राहून बघायचे. प्राजू माझ्याशेजारी.

माझ्या घरट्यानंतर दोन दिवसांनी काकांनी एक घरटं ठेवलं होतं, कुंपणाच्या मधोमध. ते आधी फुटलं. पिल्लं पाण्यात गेली. माझ्या घरट्यावरची टोपली रोज उचलली जाई आणि खाली वाळू तशीच असे, सपाट.

महादू म्हणाला, "होतं असं एखादं." तो चांगल्या मनाने म्हणाला, म्हणूनच मला जास्त लागलं.

प्राजू रोज संध्याकाळी विचारायची, "ताई, आज?" मग तिने विचारणं सोडलं. एक दिवस म्हणाली, "मी कॉमर्सलाच जाईन बहुतेक. बाबा म्हणतात बँकेत बरं असतं."

त्या रात्री मी बसून विचार केला. मी अंडी उलटी ठेवली नव्हती. खोली बरोबर होती. मग मला दोरी आठवली. परकराखालचं कापड आणि उघडं कापड.

सकाळी मी कुंपणाबाहेरूनच काकांना हाक मारली. "काका, एक काम करता? मधल्या रिकाम्या घरट्यापाशी वाळूत हात घाला. मनगटापर्यंत."

"कशाला?"

"घाला तर. आता सुरूखाली, माझ्या घरट्याच्या बाजूला घाला."

त्यांनी घातला. तसाच ठेवला. मग पुन्हा मध्ये येऊन पहिल्या जागी घातला. "गार हाय," ते म्हणाले. "सुरूखाली गार हाय."

"दुपारनंतर तिथे ऊन येतच नाही. सावलीतल्या अंड्यांना जास्त दिवस लागतात. उन्हातली तुमची आधी फुटली, एवढंच. माझी मेलेली नाहीत, काका. उशीर झालाय."

"तुला कसं ठाऊक?"

"नक्की ठाऊक नाही," मी म्हणाले. "मला असं वाटतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना 'ठाऊक नाही' म्हणाले होते. त्यांनी टोपली सरळ केली आणि म्हणाले, "मग थांबूया."

*

चार की पाच दिवसांनी, उन्हं उतरायच्या वेळेला, प्राजूची हाक आली. मी आणि काकी घरी होतो. ती खळ्याच्या कडेपर्यंतही आली नाही, माडांतूनच ओरडली, "ताई! टोपली हलतेय!"

आम्ही होतो तशा निघालो. काकींच्या हाताला पीठ होतं.

काकांनी टोपली उचलून धरली होती. खालची वाळू मध्ये खचली होती, एखाद्याने आतून श्वास घ्यावा तशी. त्या खळग्यातून एक करडं डोकं वर आलं. मग एक पंजा. मग एकदम चहूकडून, एकावर एक चढत, एकमेकांना तुडवत, ओल्या वाळूच्या रंगाची पिल्लं. महादू मोजत होता आणि चुकत होता. "मेल्यांनो, एका जागी थांबा की!"

मी कुंपणाच्या दारात उभी होते. आत जावं की नाही ते मला कळेना. काकांनी वर न बघताच म्हटलं, "दारात काय उभी? वाट अडवलीस त्यांची."

मी आत गेले. मग त्यांनी मागे बघितलं. "आणि ती कुठं हाय? बादलीवाली?"

प्राजूने बादली खाली ठेवली. तिने ओंजळ पुढे केली, आणि काकांनी तिच्या ओंजळीत पहिलं पिल्लू ठेवलं. ते तिच्या बोटांवर पंजे मारत राहिलं, जणू तिच्या हातातच समुद्र होता.

आम्ही त्यांना ओल्या वाळूवर सोडलं, पाण्यापासून थोडं दूर. तेवढं अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. लाटा येत होत्या, एकेकाला उलटं करत होत्या, आणि ती पुन्हा सरळ होऊन निघत होती. काकी पिठाचा हात पदराला पुसत "गेलं गं, ते पण गेलं," असं म्हणत होत्या. मी बाकीचं घरटं उकरून बघितलं. काही अंडी खराब गेली होती. ती मी काकांना दाखवायला वळले, कारण दाखवायला हवीच होती. पण काका तिथे नव्हते.

"गेले घराकडं," महादू म्हणाला.

शेवटचं पिल्लू दिसेनासं झाल्यावर आम्ही तिघी परत निघालो. सूर्य बुडाला होता आणि माडांत दमट हवा उतरली होती. पायवाटेवरचं गवत ओलं लागायला लागलं, तशी काकी एकदम थांबल्या.

"अगो, दोरीवरचं राहिलं! सगळं भिजलं असेल दवानं!"

आम्ही धावतच खळ्यात आलो. दोरी रिकामी होती.

पडवीत काका बसले होते. खुर्चीचं तोंड समुद्राकडे होतं. शेजारच्या बाकावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता. त्यांची लुंगी, प्राजूची ओढणी, आणि त्यांच्या शेजारी आमची कापडं, एकावर एक, काठाला काठ जुळवून. प्रत्येकाचं टिचबटण लावलेलं होतं. जाळ्याची घडी घालतात तशी त्यांनी ती घातली होती. चाळीस वर्षं केलेलं काम, हाताला दुसरी रीत माहीत नव्हती.

काकींनी ढिगाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि पिठाचा हात कपाळाला लावला.

"काय बघताय?" काका म्हणाले. "दव पडत होतं. दिवसभर उन्हात वाळवायचं आणि परत ओलं करायचं, मग उपयोग काय?"

"काका," मी म्हणाले, "काही अंडी खराब निघाली. आणि एका घरट्यावरून खरंच काही सिद्ध..."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "म्हणून तर पहाटे लवकर ऊठ. आणखी घरटी लागतील ना तुला. हिला पण उठव." त्यांनी हनुवटीने प्राजूकडे खूण केली आणि रिकामा कप काकींच्या दिशेने पुढे केला.

मी माझी कापडं उचलली. दिवसभराचं ऊन त्यांच्यात अजून होतं.